कानात उरलेला अपघात

(संस्थेच्या वर्धापनदिनी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा व श्रवण विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या वार्षिक अहवालात दरवर्षी एक तक्ता असतो. अपघात विभागात किती रुग्ण आले, किती जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, किती जण बरे होऊन घरी गेले, याची नोंद त्यात असते. 'बरे होऊन घरी गेले' हा रकाना आपणां सर्वांच्या समाधानाचा विषय आहे आणि तो तसा असावाही. आज मात्र आम्ही याच रकान्यातील काही रुग्णांविषयी बोलणार आहोत. त्यांचे प्राण वाचले, जखमा भरून आल्या, टाके निघाले. पण डोक्याला बसलेल्या माराबरोबर कानात सुरू झालेला एक आवाज त्यांच्यासोबत घरी गेला आणि तो थांबला नाही.

एका रुग्णाच्या हकिकतीने आरंभ करतो. त्यांच्या संमतीने, पण त्यांची ओळख पटू नये एवढा फेरफार करून ती सांगत आहोत. हे गृहस्थ प्राथमिक शाळेत शिक्षक. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. रात्री मोटारसायकलवरून गावी परतताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर ते मागून आदळले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती; आणि गुरुजींच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. उजव्या कानामागच्या हाडाला तडा गेला होता, कानातून रक्त येत होते. आपल्या अतिदक्षता विभागाने शर्थ केली आणि अकराव्या दिवशी गुरुजी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेले. जाताना त्यांच्या पत्नीने आवारातील गणपतीपुढे नारळ वाढवला.

घरी गेल्यावर पहिल्याच रात्री गुरुजींनी पत्नीला विचारले, "आज रातकिडे फारच ओरडताहेत, नाही?" घर रानाला लागून, भोवती उभा ऊस, तिला त्यात नवल वाटले नाही. तिने खिडक्या लावून घेतल्या. दीड-दोन महिन्यांनी ऊस तुटून गेला, रान मोकळे झाले, तरी गुरुजींचे रातकिडे ओरडतच राहिले. ते रानात नव्हतेच.

गुरुजी आमच्याकडे आले. आम्ही कान पाहिला. पडदा भरून आला होता. स्कॅनमध्ये नवीन काही नव्हते. आम्ही म्हणालो, "घाबरण्यासारखे काही नाही. हा आवाज राहील कदाचित. सवय करून घ्या." बाहेर रुग्णांची रांग होती. हे सारे पाच मिनिटांत आटोपले.

पावसाळ्यात त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही माणूस वाचवलात, ते उपकार विसरणार नाही. पण हे रात्र रात्र ओसरीवर बसून असतात. पोरांवर हात उगारतात. परवा म्हणाले, त्या रात्रीच सुटलो असतो तर बरं झालं असतं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "सवय करून घ्या म्हणालात. ती कशी करायची, ते सांगायचं राहिलं का?"

या प्रश्नाचे नीटसे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. ते शोधण्यासाठी आम्हांला पुन्हा ग्रंथांकडे, सहकाऱ्यांकडे आणि मुख्यतः रुग्णांकडे जावे लागले. आजचे हे भाषण म्हणजे त्या माउलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

हा आवाज काय आहे?

बाहेर ध्वनीचा कोणताही उगम नसताना कानात वा डोक्यात आवाज ऐकू येणे, याला आपण कर्णनाद म्हणतो. डॉक्टरी भाषेत टिनिटस. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला रातकिडे, कोणाला प्रेशर कुकरची वाफ, कोणाला रिकाम्या गिरणीची घरघर. ही तक्रार नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि त्याच्या जवळचा कर्णक्ष्वेडही आहे.

ती दुर्मीळही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनादाचा अनुभव येतो; त्याचा तीव्र त्रास असणारे सुमारे २ टक्के आहेत. त्याआधी, १९५३ साली, अमेरिकेतील हेलर आणि बर्गमन या दोघा संशोधकांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना एका ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले आणि काय ऐकू येते ते लिहायला सांगितले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज नोंदवला. म्हणजे श्रवणाच्या यंत्रणेत मंद कुजबुज बहुतेकांच्या ठायी असते. एरवी तिच्याकडे आपले लक्ष जात नाही, इतकेच.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कर्णनादात शब्द नसतात. कोणी बोलत आहे, हुकूम देत आहे, नाव घेऊन हाका मारत आहे असे वाटत असेल, तर ती तक्रार निराळी आहे आणि तिच्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. कर्णनाद ऐकू येणारा मनुष्य भ्रमिष्ट झालेला नसतो. गुरुजींनी कित्येक महिने ही गोष्ट शाळेत सांगितली नव्हती. डोक्याला मार लागलेल्या माणसाने 'मला आवाज ऐकू येतात' असे म्हटले तर लोक काय अर्थ काढतील, ही भीती त्यांना होती.

मार डोक्याला, आवाज कानात, असे का?

ऐकण्याचे मुख्य इंद्रिय कानशिलाच्या हाडात खोलवर, गोगलगाईच्या शंखासारख्या एका वेटोळ्यात आहे. त्यातील आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनाचे विद्युत्संदेशात रूपांतर करण्याच्या कामी या पेशी असतात. एकदा नष्ट झालेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

डोके जोरात आपटले की कानशिलाच्या हाडाला तडा जाऊ शकतो, मधल्या कानात रक्त साचू शकते, तेथील तीन इवल्या हाडांची साखळी निखळू शकते. यांतील काही गोष्टी आपोआप सुधारतात, काहींवर शस्त्रक्रिया करता येते. परंतु हाड न मोडताही आतल्या शंखाला जबर हादरा बसून केसपेशी दुखावतात, आणि हे नुकसान सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ 'रुग्णाला काही झालेले नाही' असा कधीही घेऊ नये. त्याच अपघातात मान आणि जबडा लचकलेला असेल, तर तेथून येणाऱ्या नसांचे संदेश मेंदूतील श्रवणमार्गात मिसळतात. म्हणूनच काही रुग्णांचा आवाज मान वळवली वा दात आवळले की बदलतो. काही प्रतिजैविके आणि लघवी वाढवणारी काही औषधेही कानाला अपाय करू शकतात. प्राण वाचवण्यासाठी ती कधी द्यावी लागतात; तेव्हा कानाची नोंद ठेवणे हे आमचे कर्तव्य ठरते.

पण आवाज टिकून का राहतो? याचे उत्तर बव्हंशी मेंदूत आहे. आपल्यापैकी अनेकांनी खेड्यात रेडिओ ऐकला असेल. केंद्र नीट लागत नसले की आपण आवाजाचे बटण वाढवतो. बातम्या तर कळत नाहीतच, खरखर मात्र मोठी होते. दुखावलेल्या कानाकडून येणारे संदेश क्षीण झाले की मेंदूही असेच बटण वाढवतो, आणि स्वतःच्याच यंत्रणेतील खरखर त्याला ऐकू येऊ लागते. शास्त्रज्ञांना आज सर्वांत सयुक्तिक वाटणाऱ्या उपपत्तींपैकी ही एक आहे. 'ती नसच कापून टाका' अशी विनवणी करणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. अन्य कारणांसाठी श्रवणाची नस कापलेल्या अनेक रुग्णांमध्येही कर्णनाद पुढे चालू राहिल्याचे आढळले आहे. घरातील रेडिओच खरखरत असेल, तर अंगणातील तार कापून काय उपयोग?

तत्काळ रुग्णालयात केव्हा यावे?

पुढचे बोलण्यापूर्वी काही लक्षणे लक्षात ठेवावीत, अशी सर्व नातेवाइकांना विनंती आहे. डोक्याला मार लागल्यानंतर कानातून वा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, अचानक ऐकू येईनासे झाले, गरगरून तोल जाऊ लागला, डोकेदुखी आणि उलट्या वाढल्या, तर त्याच दिवशी यावे. कानातील आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर 'सूं-सूं' असा येत असेल, आणि विशेषतः त्याच सुमारास डोळा लाल होऊन पुढे आला असेल, तर डोक्यातील रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. हे अपघातानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनीही घडते, आणि त्यावर तातडीचे उपचार असतात.

आणखी एक कळकळीची सूचना. अपघातानंतर कानात कोमट तेल, लसणीचे तेल वा कुणी सांगितलेला पाला पिळून घालू नये. पडदा फाटलेला असेल, तर तेलाबरोबर जंतू आत जातात. आजीची माया खरी असली, तरी या प्रसंगी तेलाची वाटी बाजूला ठेवावी.

आवाज आणि त्रास

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. येथे रुग्णांनाही अविश्वसनीय वाटणारी एक गोष्ट आहे. ध्वनिरोधक खोलीत रुग्णाच्या कानातील आवाजाशी यंत्रातील आवाज जुळवून पाहिला, तर बहुधा तो ऐकू येण्याच्या किमान पातळीहून थोड्याच डेसिबलने मोठा निघतो. ज्याला तो आगगाडीच्या शिट्टीसारखा वाटतो, त्याचा आवाजही असाच जुळतो आणि ज्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, त्याचाही. आवाज किती मोठा आहे यावरून त्रास किती होईल, हे सांगता येत नाही.

याचा अर्थ त्रास खोटा आहे, असा मुळीच नाही. त्रास खरा आहे. पण तो आवाजाच्या आकारमानातून येत नाही, मेंदू त्या आवाजाला काय समजतो यातून येतो. १९९० साली पावेल यास्त्रेबॉफ यांनी मांडलेल्या विचाराचे हेच सार आहे. मेंदूतील राखणदार एखाद्या आवाजाला धोका समजला की तो त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतो. पहारा वाढला की आवाज मोठा वाटतो, आवाज मोठा वाटला की भीती वाढते, भीती वाढली की झोप उडते, आणि थकलेल्या शरीराला तोच आवाज अधिक असह्य होतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात हे चक्र विशेष वेगाने फिरते. अपघाताची दहशत मनात ताजी असते, डोके दुखते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही; आणि कानातील आवाज क्षणोक्षणी त्या रात्रीची आठवण करून देतो.

परंतु राखणदाराला शिकवताही येते. साखर कारखान्याच्या वसाहतीत प्रथमच मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला गाळपाच्या आवाजाने रात्रभर झोप लागत नाही. घरची मंडळी मात्र गाढ झोपलेली असतात. त्यांचे कान बिघडलेले नसतात. या आवाजापासून धोका नाही, हे त्यांच्या मेंदूला ठाऊक झालेले असते. इतके की मध्यरात्री कारखाना बंद पडला, तर ती मंडळी जागी होतात. सवय म्हणजे हीच. ती निश्चयाने लगेच लावून घेता येत नाही. तिला योग्य परिस्थिती निर्माण करून द्यावी लागते.

ती कशी करायची

प्रथम संपूर्ण तपासणी. कानाची पाहणी, श्रवणाचा आलेख, मधल्या कानाची चाचणी, तोल, मान, जबडा आणि रुग्ण घेत असलेली सर्व औषधे. त्यानंतर पंचवीस प्रश्नांची, १९९६ साली प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली आम्ही मराठीत समजावून विचारतो. आवाजामुळे झोप उडते का, घरच्यांशी नाते बिघडले आहे का, आपण अगतिक झालो आहोत असे वाटते का, अशा प्रश्नांतून शंभरपैकी एक अंक मिळतो. त्या अंकापेक्षाही हे प्रश्न कोणीतरी विचारले, याचाच रुग्णाला आधार वाटतो. गुरुजी या प्रश्नावलीच्या मध्यावर रडले.

दुसरी गोष्ट, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र. बाहेरचे आवाज पुरेसे आत येऊ लागले की मेंदूला बटण इतके वाढवून ठेवावे लागत नाही, आणि कानातील आवाज बाहेरच्या आवाजांत मिसळून जातो. अनेक रुग्णांना याचा चांगला उपयोग होतो.

तिसरी गोष्ट, शांतता टाळणे. रुग्ण साहजिकच शांत, बंद खोली शोधतो, कानात कापसाचे बोळे घालतो. त्याने कर्णनाद अधिकच ठळक होतो. काळोखात काजवा दिसावा तसा. त्याऐवजी पंखा, मंद लावलेला रेडिओ, पाण्याचा आवाज, असा एखादा सौम्य आवाज सोबतीला ठेवावा. तो कानातील आवाज पुरता बुडवण्याइतका मोठा नसावा, त्याच्या जोडीने ऐकू येईल इतकाच असावा. विहिरीवरच्या मोटारीचे पाणी पाटात पडते, तेथे बसले की बरे वाटते, असे गुरुजींनी आम्हांला आपण होऊन सांगितले होते. अमेरिकेतील ओरेगन येथे जॅक व्हर्नन यांनी १९७० च्या दशकात ध्वनीच्या साहाय्याने कर्णनादावर उपचार करण्याचे काम वाढवले, तेही एका कारंज्याजवळ उभे राहिलेल्या रुग्णाच्या अशाच अनुभवातून. शास्त्रज्ञाला कारंज्यापाशी जे गवसले, ते आमच्या गुरुजींना पाटावर गवसले होते. आम्ही मात्र पहिल्या भेटीत ते विचारले नव्हते.

कर्कश आवाजापासून मात्र कानांचे रक्षण करावेच. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर, फटाक्यांजवळ, यंत्रशाळेत कानाला संरक्षण हवे. दिवसभर घरात कान बंद ठेवू नयेत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विचारांचे प्रशिक्षण. 'हा आवाज मला वेडा करणार', 'माझे आयुष्य संपले', 'मेंदूत काहीतरी फुटते आहे' असे विचार आवाजाबरोबर आपोआप येतात. त्यांना कागदावर उतरवणे, पुराव्याने तपासणे, श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा अभ्यास करणे, टाळलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू करणे, झोपण्या-उठण्याची वेळ बांधून घेणे, याला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २८ अभ्यासांतील २,७०० हून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. या उपचाराने कर्णनादाचा जीवनावर होणारा परिणाम कमी होऊ शकतो आणि त्याचे दुष्परिणाम फारसे नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही याच उपचाराची शिफारस आहे.

औषधांचे काय, असे आपण विचाराल. दीर्घकाळ टिकलेला कर्णनाद हमखास घालवणारी गोळी आज उपलब्ध नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. याच २०१४ च्या सूचना जिंको, मेलाटोनिन, झिंक यांसारख्या पूरक गोळ्या कर्णनादासाठी देऊ नयेत असे सांगतात. चक्कर येत नसून केवळ कर्णनाद आहे अशा रुग्णाला बीटाहिस्टिन देऊ नये, असे ब्रिटनच्या २०२० च्या सूचना सांगतात. रुग्णाला नैराश्य, तीव्र चिंता वा निद्रानाश असेल, तर त्यावर औषधे अवश्य द्यावीत; ती त्या आजारांसाठी असतात. 'सात दिवसांत कानातील आवाज बंद' अशा जाहिरातींपायी कर्ज काढलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. ते पैसे श्रवणयंत्राला लागले असते, तर सार्थकी लागले असते.

घरच्यांसाठी

या सभागृहात रुग्णांचे आप्त मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याशी दोन शब्द. हा आजार दिसत नाही. पाय मोडला तर शेजारी वाट करून देतो. कानातील आवाजाला प्लास्टर नसते. म्हणून 'हे मनाचे खेळ आहेत' असे रुग्णाला म्हणू नये. त्याचबरोबर रोज सकाळी 'आज आहे का आवाज?' असेही विचारू नये, कारण त्या प्रश्नाने झोपलेला राखणदार जागा होतो. दूरदर्शन बंद करून, समोर बसून, ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूने बोलावे. चार माणसांच्या गलक्यात रुग्ण उठून आत गेला, तर त्याला तुसडा ठरवू नये. डोक्याला मार लागल्यानंतर काहींना साधे आवाजही बोचतात. आणि 'सुटलो असतो तर बरे' असे शब्द कानी आले, तर ते वैतागाचे म्हणून सोडून देऊ नयेत. त्याच दिवशी आमच्याकडे यावे; रात्र असेल, रस्ता दूर असेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

गुरुजींना बरे वाटायला वर्षाहून अधिक काळ लागला. उजव्या कानाला श्रवणयंत्र बसले. झोपताना उशाशी मंद रेडिओ आला. आमच्या समुपदेशकांकडे ते आधी दर आठवड्याला, मग महिन्याला येत राहिले. वाट सरळ नव्हती. शाळेत परतल्यावर पहिल्याच दिवशी मधल्या सुटीच्या गोंगाटाने ते घरी निघून आले. मुख्याध्यापकांनी समजूतदारपणे त्यांना काही महिने अर्धा दिवस वर्ग दिला. गणपतीत पुन्हा झोप उडाली. तेव्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, असे त्यांना वाटले. पण या वेळी घसरण आठ-दहा दिवसांत सावरली, कारण काय करायचे ते आता ठाऊक होते.

गेल्या हंगामात ते भेटायला आले. आम्ही सवयीने विचारले, "आवाज?" गुरुजी क्षणभर थांबले, जणू कान देऊन पाहत होते. मग म्हणाले, "आहे की. तुम्ही विचारलंत म्हणून कळलं." त्यांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता रात्री घोरतात. मलाच झोप नाही."

संस्थेपुढील काम

या हकिकतीतून आपल्या संस्थेसाठी काही अर्थ निघतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्यातील श्रवणदोषाचे मोजमाप दोन्ही कानांनी किती डेसिबल ऐकू येते यावर होते. कर्णनादाला त्या यादीत स्थान नाही. ज्याचे प्रमाणपत्र मिळत नाही, त्या दुःखाची दखल बहुधा कुटुंबालाच घ्यावी लागते आणि कुटुंब थकले, तर आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेला.

आपल्या देणग्यांतून इमारती उभ्या राहिल्या, यंत्रे आली. या कामाला मात्र मोठे यंत्र लागत नाही. लागते ती श्रवणचाचणीसाठी खरोखर शांत खोली, गरीब रुग्णांना श्रवणयंत्र आणि त्याची बॅटरी पुरवणारा निधी, आणि एका रुग्णासमोर तास-तासभर बसू शकणारा प्रशिक्षित समुपदेशक. यांतील शेवटची गोष्ट देणगीच्या फलकावर कोरता येत नाही. तरीही आम्ही ती सर्वांत आधी मागत आहोत, कारण गुरुजींना आम्ही पहिल्या भेटीत जे दिले नाही, ते हेच होते. आता डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना 'कानात आवाज येतो का?' हा प्रश्न विचारण्याचा आणि त्याची नोंद कागदावर करण्याचा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे.

आणि शेवटी, हा आवाज सुरूच होऊ नये यासाठी. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, अशी केंद्र शासनाची नोंद आहे. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले आहे. आपणांपैकी अनेकांची शेती आहे, ट्रॅक्टर आहेत, कारखान्यांशी संबंध आहेत. या हंगामात आपल्या ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावून घ्यावी, आणि आज येथून परतताना डोक्यावर हेल्मेट चढवावे. संस्थेच्या पावती पुस्तकात याची नोंद होणार नाही. पण आमच्या दृष्टीने तीही देणगीच आहे.